चोरीला न गेलेली सायकल

काकू, आधी माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही कळलं नव्हतं. नंतर तर शाळाच सुटली. तुम्ही असतात तर लाल पेन घेऊन बसला असतात. वाण्याची यादीसुद्धा तुम्ही तपासून परत द्यायचात, वर दहापैकी मार्क घालून. एकदा मला सात मिळाले होते. ती यादी मी वाण्याला दिलीच नाही. घरी नेली आणि सामान तोंडी सांगून आणलं.

माझ्या मनीषाच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यावर लिहितेय. दुपारची वेळ आहे. या वेळेला मी तुमच्याकडे पोळ्या लाटत असायची. आज पहिल्यांदाच या वेळेला घरी बसलेय आणि हातांना काय करावं ते कळत नाही.

उद्या तेरावा. मृणालताई परवा बंगळूरला परत जाणार. काल त्यांनी मला खाली पार्किंगमध्ये नेलं. तुमची हिरवी सायकल पुसून ठेवली होती. हँडलला दोऱ्याने एक कागद बांधला होता, तुमच्या हातचा. "सुमनला देणे. तिची चोरीला गेली होती."

मृणालताई म्हणाल्या, "आईने शेवटच्या महिन्यात लिहून ठेवलंय हे. तुम्ही कधीही घेऊन जा."

मी म्हटलं, "उद्या-परवा बघते." आणि पळून आले. अगदी पळूनच, काकू.

माझी सायकल चोरीला गेली नव्हती. माझ्याकडे सायकल कधी नव्हतीच.

हे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली आणि तेसुद्धा तुम्ही गेल्यावर लिहिलं.

सुरुवात तुम्हीच केलीत. मी तेव्हा चार घरं करायची. सकाळी वस्तीतून निघायचं, तुमच्याकडून पुढच्या सोसायटीत, तिथून टेकडीच्या बाजूला दोन घरं आणि संध्याकाळी परत. सगळं पायी. एक दिवस मी ओट्याशी उभी राहून एका पायाने दुसरा पाय चोळत होते. तुम्ही पाहिलंत.

"सुमन, किती चालतेस गं दिवसात?"

"मोजलं नाही काकू."

"सायकल येते?"

मला हसू आलं. पस्तिशीची बाई, नऊवारी नसली तरी साडीतली, सायकलवर! तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी सहा वाजता शाळेच्या मैदानावर ये म्हणालात. तुमच्याच शाळेचं मैदान. तिथला शिपाई अजून तुम्हाला सलाम करायचा आणि त्याने फाटक उघडून दिलं.

तुम्ही मागून सीट धरून पळत होतात. साठी उलटलेली तुमची. मी सारखी ओरडत होते, "काकू, सोडू नका, सोडू नका!" आणि तुम्ही धापा टाकत म्हणालात, "सोडलं तर सांगून सोडीन. फसवून शिकवत नाही मी कुणाला."

पाचव्या दिवशी तुम्ही सांगितलंत, "सुमन, आता सोडतेय हं." आणि सोडलंत. मी अर्ध्या मैदानापर्यंत गेले आणि मग पडले. गुडघा फुटला. पण त्या अर्ध्या मैदानात मला जे वाटलं होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पदर खोचलेला, कपाळावर वारा आणि मी कुणाच्या घरी कामाला जात नव्हते. मी नुसतीच जात होते.

त्याच रविवारी तुम्ही माझ्या हातात बावीसशे रुपये ठेवलेत. पाचशेच्या चार, शंभराच्या दोन. दुकान दाखवलंत. लाल रंगाची, पुढे जाळीची टोपली असलेली बायकांची सायकल तिथे टांगलेली होती. "महिना शंभर कापीन. घाई नाही. पण उद्याच्या उद्या सायकल आण. तुला येताना बघायचंय मला गेटमधून."

तुमचं ते गेट. गेटवर वॉचमनच्या टेबलावर तुमची लांब वही असायची. जो पायी किंवा सायकलवर बाहेर जाईल-येईल त्याने आपल्या नावापुढे खूण करायची. मोटारवाल्यांना तुम्ही काही म्हणत नव्हतात, फक्त वही दाखवायचात आणि गप्प बसायचात. ते गप्प बसणं लोकांना जास्त लागायचं. वर फळ्यावर खडूने तुमच्या पाट्या. "कोपऱ्यावरच्या दुकानात जाण्यासाठी देवाने दोन पाय दिले आहेत. गाडीला चार चाकं आहेत म्हणून ती जास्त हुशार नाही." आणि ती दुसरी, तळमजल्याच्या साहेबांना झोंबलेली, "व्यायामशाळेत सायकल मारायला मोटारीने जाणाऱ्यांनी कृपया विचार करावा. विचार करायला पेट्रोल लागत नाही." ते साहेब भांडायला आले तर तुम्ही म्हणालात, "मी कुणाचं नाव लिहिलंय का? तुम्हीच हात वर करताय."

त्या वहीत कामवाल्या बायकांची नावं तुम्ही सगळ्यात वर लिहिली होतीत. "या पहिल्यापासून चालतायत. पहिला नंबर त्यांचाच." माझं नाव छापील पुस्तकाच्या पहिल्या पानावर आल्यासारखं मला वाटायचं.

आता ऐका.

त्या रविवारी मी पैसे घेऊन घरी आले तर मनीषा भिंतीकडे तोंड करून बसली होती. बारावी झाली होती, टायपिंग झालं होतं. बाणेरच्या पुढे एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात माहिती भरायचं काम मिळत होतं. त्या वेळी तिकडे रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती. पण त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं, स्वतःची गाडी असणे आवश्यक. दोन बस बदलून आठच्या आत पोचणं शक्य नव्हतं आणि कंपनीची बस मोठ्या पगाराच्या लोकांना. वस्तीतला एक मुलगा जुनी मोपेड विकत होता. तिच्या वडिलांनी रंगकामाच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. दोन हजार कमी पडत होते आणि संध्याकाळपर्यंत दिले नाहीत तर तो दुसऱ्याला देणार होता.

मी पदराची गाठ सोडली. विचार केला असं म्हणणार नाही. विचार नंतर केला, मग वर्षानुवर्षं करत राहिले.

तुम्ही रोज विचारायचात. मी म्हणायची, लाल संपलीय, येणार आहे. मग म्हटलं, आणलीय, पण अजून रस्त्यावर भीती वाटते. पंधरा दिवस झाले. एक दिवस तुम्ही चपला घालून उभ्या राहिलात. "चल, मी येते वस्तीत. तिथून आपण दोघी सायकलवर येऊ. मी पुढे, तू मागे. भीती कशी जात नाही बघते."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, ती चोरीला गेली. काल."

तेव्हाही मला वाटलं होतं की तुम्ही हळहळाल आणि विषय संपेल. मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. तुम्ही मला हाताला धरून पोलीस चौकीत घेऊन गेलात. चालत.

हवालदारांनी वर न बघता विचारलं, "रंग?"

"लाल," मी म्हटलं. "पुढे टोपली." दुकानात टांगलेली सायकल मी डोळ्यांपुढे आणून सांगत होते.

"पावती?"

"हरवली."

"सायकल गेली, पावतीही गेली. बाई, तुम्ही तेवढ्या राहिलात हे नशीब."

तुम्ही टेबलावर हात ठेवलात. "हवालदारसाहेब, ही बाई चार घरची कामं करून आलीय. मोटार चोरीला गेली असती तर उभं राहून लिहून घेतलं असतंत. सायकल गेली म्हणून विनोद सुचतायत का?"

"तसं नाही मॅडम. बसा, बसा. लिहितो."

त्यांनी लिहिलं आणि मी सही केली. सरकारी कागदावर सही करायची माझी ती पहिलीच वेळ. तुम्ही मागे उभ्या राहून बघत होतात आणि बाहेर आल्यावर म्हणालात, "सही सुंदर आहे तुझी." मला तिथल्या तिथे रस्त्याने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन तुम्ही चहा केलात, तुमच्या हातचा, माझ्यासाठी. आणि म्हणालात, "शंभर-शंभर कापायचं राहू दे. तुझी सायकल गेली, माझे पैसे गेले. दोघी सारख्या."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. कप हातात होता, तुम्ही समोर होतात, घरात तिसरं कुणी नव्हतं. मी चहा पिऊन कप विसळला.

मग ते लाल सायकलींचं सुरू झालं. रस्त्यात लाल सायकल दिसली की तुम्ही थांबायचात. "सुमन, ती बघ. ती नाही ना तुझी?" भाजी घेताना, बँकेसमोर, देवळाच्या दारात. एकदा तुम्ही एका कॉलेजच्या मुलीचं हँडलच धरलंत.

"ही कुठून घेतलीस?"

"आजी, माझीच आहे. घरी बिल आहे, दाखवू का?"

"दाखव."

ती बिचारी घरी जाऊन बिल घेऊन आली आणि तुम्ही तोवर फुटपाथवर उभ्या राहिलात. बिल वाचलंत, तारीख बघितलीत, तिच्या पाठीवर थाप मारलीत. "सायकलने कॉलेजला जातेस? शाबास. नोकरी लागली तरी सोडू नकोस." मी शेजारी भाजीची पिशवी धरून उभी होते. पिशवीतल्या गवारीच्या शेंगा मी मोजायला लागले होते, तुमच्याकडे बघावं लागू नये म्हणून.

याहून वाईट अजून सांगायचंय.

मनीषाचा रस्ता तुमच्या सोसायटीवरूनच जायचा. ती म्हणाली, आई, बस मागे, उगाच का चालतेस. मी बसायला लागले. पण गेटपर्यंत नाही. दवाखान्याच्या कोपऱ्यावर उतरायची, पदर नीट करायची आणि तिथून चालत यायची. चेहऱ्यावर थोडी धाप आणायची. गेटवर वहीत खूण करायची. आणि तुम्ही मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालात, "आमच्या सुमनची सायकल चोरीला गेली, तरी ती रोज चालत येते. तक्रार नाही. आणि आपण दूध आणायला गाडी काढतो." लोकांनी माझ्याकडे बघितलं. तळमजल्याच्या साहेबांनी तर दुसऱ्या दिवसापासून खरंच दूध चालत आणायला सुरुवात केली. माझ्या खोट्यावर तो माणूस खरा चालायला लागला, काकू. अजून चालतो.

एकदा माझा पाय मुरगळला होता. मनीषाने ऐकलं नाही, थेट गेटपर्यंत आणलं. सगळ्या मुलींसारखा तिनेही स्कार्फ बांधलेला, फक्त डोळे दिसत होते. वॉचमनने साखळी काढावी म्हणून तिने हॉर्न वाजवला. तुम्ही फळ्यावर लिहीत होतात.

"ए स्कार्फवाली! कुणाच्या कानात वाजवतेस? तोंड बांधून निघाल्यात, दरोडा घालायचाय का?"

"सॉरी आजी."

"सॉरी राहू दे. तरुण आहेस, पाय वापर." मी तोवर उतरून बाजूला झाले होते, जशी कुणी ओळखीची नसलेली बाई वाटेत सोडून द्यावी तशी. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "पाहिलंस सुमन? वाटेतल्या बाईला बसवून आणलं तेवढं चांगलं केलं. पण तुझी मुलगी असती तर असा भोंगा वाजवला असता का?"

"नाही काकू," मी म्हटलं.

स्कार्फच्या वर मनीषाचे डोळे होते. ती गाडी वळवून गेली.

संध्याकाळी भाकरी वाढताना तिने विचारलं, "आई, सकाळी मी कोण होते गं?"

मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग तीच म्हणाली, "त्यांच्याकडे मृणालताईंनी घेऊन दिलेली गाडी आहे, कव्हर घालून ठेवलेली. म्हणून त्यांना ती न वापरण्याची ऐट आहे. आपल्याकडे आधी असू दे. मग आपण पण सोडू."

काकू, हेच मला तुमच्याशी भांडायचं होतं. तुमच्याशी मी कधी भांडले नाही, मान हलवत राहिले. पण मनात रोज भांडायची. तुम्ही चालायचात कारण तुम्हाला चालायचं होतं. दमलात की रिक्षा होती. आमच्या वाशीमकडच्या गावातून माझी आई पाण्याला चालायची, मी शेतावर चालायची, पुण्यात येऊन चार घरं चालायची. आम्हाला कुणी वहीत खूण करायला सांगितली नाही. आणि मुलीकडे पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मला ती लपवावी लागली, चोरीच्या मालासारखी. हे तुमच्या तोंडावर बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात? खूप वेळा मी तुमच्या बाजूनेही बोलून बघितलं. एकदाही तुमच्यासारखं जमलं नाही. तुम्ही काहीतरी असं म्हणाला असतात की मी हरले असते आणि मला बरंही वाटलं असतं.

कारण तुमचं खरंच होत गेलं. जिथून मी पदर न सावरता रस्ता ओलांडायची तिथे आता दहा दहा मिनिटं उभं राहावं लागतं. फुटपाथवर गाड्या चढतात. मनीषा बाणेरहून घरी यायला दीड तास लावायला लागली. एक दिवस येऊन हेल्मेट आपटून म्हणाली, "आई, चालत आले असते तर आधी पोचले असते." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला हे सांगून हसवावं असं फार वाटलं. पण कुठली गाडी, कुठल्या पैशांची, हे सगळं त्याच्या आधी सांगावं लागलं असतं.

मनीषा लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात गेली, गाडी घेऊन गेली. तेव्हापासून मी खरंच चालत येते. गेली सहा वर्षं. वहीतल्या त्या सगळ्या खुणा खऱ्या आहेत. पण ते खरं सांगायचीही सोय राहिली नव्हती, कारण ते आधीच सांगून झालं होतं.

तुमचे पाय गेले तेव्हा तुम्ही वही वर मागवायला लागलात. मी पलंगाशी बसून नावं वाचायची. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. कुणाचं नाव राहिलं की विचारायचात, "का बरं? आजारी आहे का?" आणि शेवटी रोज, "तुझी खूण आहे ना?"

"आहे काकू."

"सायकल मिळायला हवी होती गं तुझी."

पैसे नव्हते असं नाही, काकू. बावीसशे रुपये माझ्याकडे कितीतरी वेळा आले. डब्यात वेगळे काढून ठेवायची. पण ते दिले असते तर तुम्ही विचारलं असतं, कसले? म्हणून दिले नाहीत. मला पैसे देण्याची नाही, त्या एका प्रश्नाची भीती होती. आता प्रश्न विचारणारं कुणी नाही म्हणून माझं धाडस होतंय, याचीही लाज वाटते.

आत्ताच मनीषाला फोन केला. म्हटलं, उद्या मृणालताईंना सगळं सांगणार आहे.

"मी येते सोबत."

"नको. मी एकटी जाते. चालत."

"खरं चालत, की दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत गाडीवर?" ती हसत म्हणाली. मग हसणं थांबलं. मी म्हटलं, "मनीषा, त्या सकाळी गेटवर तू माझी मुलगी होतीस गं." ती म्हणाली, "माहितेय आई. ठेव फोन. तुझा बॅलन्स जातोय."

पुढचं आज लिहितेय. तेरावा झाला.

पाहुणे गेल्यावर मृणालताई स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. मी त्यांच्या हातातून पातेलं घेतलं आणि घासता घासता सांगितलं. सगळं. मैदान, मोपेड, चौकी, लाल सायकली, गेट. त्यांच्याकडे पाठ करून बोलले, एकदाही बघितलं नाही.

त्यांनी माझ्या हातातलं पातेलं घेऊन नळाखाली विसळलं. मग त्या म्हणाल्या, "आई मला दर फोनला त्या सायकलचं सांगायची."

"हो."

"तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर चिडली असती."

"हो."

"दोन दिवस बोलली नसती तुमच्याशी."

"हो."

"तिसऱ्या दिवशी जाऊन मनीषासाठी हेल्मेट आणलं असतं."

याला मला हो म्हणता आलं नाही, काकू. नळ बंद करायचंही सुचलं नाही. तो त्यांनी केला.

मी पदराची गाठ सोडून पैसे ओट्यावर ठेवले. पाचशेच्या चार, शंभराच्या दोन. मुद्दाम तशाच नोटा आणल्या होत्या.

"सुमनताई, आईने हे सोडले होते ना?"

"चोरीला गेलेल्या सायकलचे सोडले होते. हे ते नाहीत. घ्या ताई. माझ्यावर दया करून परत सोडू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी तुम्ही वाण्याची यादी तपासताना बघायचात तसं. मग बसून नोटा मोजल्या. एकदा नाही, दोनदा. त्याचं मला किती बरं वाटलं ते कसं सांगू.

"सायकल नेताय ना?"

"आज नाही. आज फक्त पैसे द्यायला आलेय."

त्या खाली गेल्या. हँडलचा कागद सोडून घेऊन आल्या. तुमच्या ओळीच्या मागे, कोऱ्या बाजूवर, त्यांनी पेनाने लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. मी तिथेच उभी राहून हळूहळू वाचला.

"सायकलसाठी दिलेले रुपये बावीसशे फक्त, सुमनताईंकडून आज पूर्ण मिळाले."

हवालदारांनी पावती मागितली होती तेव्हा ती माझ्याकडे नव्हती.